प्रकाशमित्राचा पंखा

लास्ट बकेट या खाणगावात जमिनीखाली कोरलेलं क्लबचं भुयार त्या दुपारी इतकं भरलं होतं, की उशिरा आलेल्यांना बिअरच्या क्रेटवर बसावं लागलं. बसवत कुणालाच नव्हतं. जो तो डोळे चोळत होता, उठत होता, पुढे सरकत होता. समोर प्रकाशमित्र डॅरिल उभे होते. अंगात पांढरा झगा, पायांत खाणीतले बूट, हातात गुलाबी दिवा.

"हा साधा उजेड नाही, मित्रांनो! हा शिकलेला उजेड आहे. पापणीतून आत शिरतो, नस शोधतो, तिची विचारपूस करतो!"

नसेची विचारपूस तिच्या घरच्यांनीही कधी केली नव्हती. टाळ्या पडल्या.

आमच्याकडे ओपल खणतात, रंग खेळवणारा मौल्यवान दगड. वर वाळवंटी वारा, खाली दगडाची धूळ. इथे कोरडे, चुरचुरणारे डोळे घरटी दोन-चार निघतात. डॅरिलना गिऱ्हाईक शोधावं लागलं नाही. शहरातले डॉक्टर अशा डोळ्यांवर खरोखरच एक प्रकाशउपचार करतात, हे अर्धवट ज्ञान गावात आधीच पोचलं होतं. उरलेलं अर्धं डॅरिलनी पुरवलं: चष्मा जातो, मोतीबिंदू विरघळतो, काचबिंदू पळतो.

मला स्वस्थता नव्हती ती या शेवटच्या शब्दामुळे. माझी शेजारीण देस्पिना जन्मभर ओपल निवडत आली आहे. तिला काचबिंदू. रोजचे थेंब चुकले तर नजर जाईल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. बाईंनी आदल्या आठवड्यात एकदा डॅरिलचा दिवा डोळ्यांवर घेतला आणि थेंबांची बाटली कचऱ्यात टाकली.

"अगं, निदान तपासून तरी घे," मी म्हटलं.

"आंते, जन्मभर तुझ्या पेपरात लोकांची टिंगल छापलीस. आता माझ्या डोळ्यांची नको करूस. मला दिसतंय!"

म्हणून मी डॉक्टर त्रानना गाठलं. नेत्रतज्ज्ञ, अधूनमधून विमानानं येतात. त्या मागच्या क्रेटवर बसून सॉसेज-पाव खात सगळं बघत होत्या.

पुन्हा देस्पिनाचीच पाळी आली. डॅरिलनी तिला पंख्यासमोर बसवलं. "डोळे उघडे! पापणी मिटलीस की शक्ती सांडते!" बिचारी ताटकळली, डोळे लाल झाले. मग भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता. वरच्या ठळक ओळींच्या खाली तिला काही वाचता येईना. मग पंखा बंद, डोळे मिटून वर ऊन ओला टॉवेल, गुलाबी झगझगाट, शेवटी दोन थेंब 'प्रकाशजल'. "आता मनसोक्त पापण्या मिचकाव!"

देस्पिनानं खालच्या बारीक ओळी घडाघडा वाचल्या. भुयार दणाणलं.

"वा!" डॉक्टर त्रान पाव संपवून उठल्या. "आता हेच सगळं पुन्हा करू. फक्त दिवा तुमच्या खिशात राहू द्या."

"उजेड रागावेल, मॅडम."

"मी त्याची समजूत काढते."

लोकच ओरडले, "करू द्या की!" पंखा, ताटकळणं, तक्ता: ओळी गायब. टॉवेल, साध्या खारट पाण्याचे दोन थेंब, मिचकावणं: ओळी हजर. दिवा खिशातच.

"डोळ्यावर पाण्याचा पातळ थर असतो," डॉक्टर म्हणाल्या. "तो वाळला की धूसर दिसतं, ओला झाला की स्वच्छ. यांनी आधी तुमचे डोळे वाळवले, मग भिजवले."

देस्पिना खुर्चीतून ताडकन उठली. "मेल्या! ओला दगड विकलास की रे आम्हाला!"

भुयारात एकदम हशा आणि शिव्या उसळल्या. पाण्यात बुडवला की फिकट ओपलसुद्धा रंग दाखवतो; आमच्यातलं पोरगंही दगड बाहीला पुसल्याशिवाय विकत घेत नाही. आणि सबंध गावानं ओला डोळा बिनतक्रार घेतला होता.

"पण शहरातला तो उपचार?" कुणीतरी विचारलं.

"तो खरा आहे. डोळे झाकून पापणीभोवतीच्या कातडीवर प्रकाश देतात. पापणीतल्या तेलाच्या ग्रंथी सुधारल्या तर पाणी लवकर वाळत नाही, कमीजास्त होणारी नजर जरा स्थिर होते. सगळ्यांना सारखा गुण येत नाही. चष्म्याचा नंबर जात नाही. काचबिंदूशी तर त्याचा संबंधच नाही."

"पण मला दिसलं ते?" देस्पिनाचा आवाज उतरला.

"दिसलं ते खरंच. पण काचबिंदू समोरून खात नाही, कडेनं खातो. एक डोळा झाक. माझ्या नाकाकडे बघ. बोटं दिसली की सांग."

डॉक्टरांनी बोटं कडेनं हलवत आणली. आम्हा सगळ्यांना ती दिसत होती. देस्पिनाला नाही. बोटं जवळजवळ नाकापाशी आली तेव्हा ती म्हणाली, "हां, आता."

डॅरिल दाराकडे निघाले होते. त्यांना कुणी अडवलंही नाही.

"हे कडेचं परत येईल?" देस्पिनानं विचारलं.

"गेलेलं येत नाही. उरलेलं राखता येतं. थेंब पुन्हा सुरू केलेस तर." डॉक्टरांनी पिशवीतून थेंबांची नवी बाटली काढली.

देस्पिना खुर्चीत बसली, मान मागे टाकली आणि डोळा उघडा धरला. "घाल मग. इथेच."

मंडळी, बरं वाटलं ते खरंच असेल. ते कशानं वाटलं, एवढं मात्र विचारा. चमत्कार करणाऱ्याला म्हणा, सगळं तसंच कर, फक्त चमत्कार वगळ. आणि त्याचं उत्तर मिळेपर्यंत चालू औषध बंद करू नका.