पुसलेली ओळ

शिडीवर चढण्याआधी पेंटर खिशातला मोबाइल बायकोच्या हाती द्यायचा. वरून पडला तर त्याचा चुरा होईल, म्हणून. माणूस पडला तर काय, याची काळजी त्या घरात एकटी बायको करायची. पाट्या रंगवण्याच्या त्यांच्या धंद्यात अक्षरं आखायची त्याने, शिडी धरायची तिने, आणि रंग भरायला दोघं.

आठ महिन्यांपूर्वी त्याच्या पायात रक्ताची गाठ झाली आणि रक्त पातळ करायची गोळी मागे लागली. तिने त्याच दिवशी त्याच्या मोबाइलवर आरोग्याच्या नोंदींचं अ‍ॅप घेतलं. "मला काय धाड भरलीय?" असं तो कुरकुरत राहिला आणि ती डॉक्टरांचे कागद समोर ठेवून नोंदी भरत राहिली.

आज चपलांच्या दुकानाची पाटी संपवताना तो जरा मागे झुकला आणि खाली डोक्यावर आदळून बेशुद्ध पडला. शिडी हलली नव्हती, ती तिने घट्ट धरली होती. निसटला तो माणूसच. तिने अ‍ॅपमधलं मदत बोलावायचं लाल बटण दाबलं. अकराव्या मिनिटाला रुग्णवाहिका आली.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी मोबाइल पाहिला. "चालू औषध काहीच नाही."

"असं कसं? मी स्वतः भरलंय!"

तिने मोबाइल डोळ्यांजवळ नेला. औषधाची ओळ कोरी होती. तिला लख्ख उमगलं. गेल्या आठवड्यापासून पाट्यांची कामं देणारा कंत्राटदार अ‍ॅपमधलं हे औषधांचं पान पाहिल्याशिवाय कुणाला उंचीवरचं काम देत नव्हता. मूर्ख माणूस! पोटासाठी स्वतःच्याच जिवावर उठला होता.

"ह्यांनी ओळ पुसलीय, काम जाऊ नये म्हणून. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे." तिने गोळीचं नाव सांगितलं, ताकदही सांगितली. "आज सकाळची मी माझ्या हाताने दिलीय."

"काकू, त्याच्यावरचा उतारा उगीच दिला तर परत गाठ होऊ शकते. नोंदीत नाही ते मी कसं धरून चालू?"

"मग रक्त तपासा. पण आत्ता. मी दारातून हलणार नाही."

बाईंनी लगेच रक्त तपासायला पाठवलं. वीस मिनिटांनी त्या धावत आल्या. "तुमचंच खरं." डोक्यात रक्तस्राव सुरू झाला होता. उतारा वेळेवर पोचला.

दुसऱ्या दिवशी पेंटर शुद्धीवर आला. तिने मोबाइल त्याच्या हातात ठेवला. त्याने मान खाली घालून गोळीचं नाव एकेक अक्षर करत भरलं.

"आता मला काम कोण देणार गं?" तो पुटपुटला.

तेवढ्यात कंत्राटदाराचाच फोन आला. तिने उचलला.

"ह्यांना गोळी चालू आहे, हे आता वर चढणार नाहीत. मी चढेन. आखायचं कसं ते हे खालून सांगतील."

"वहिनी, तुम्ही? या वयात?"

"हो, मीच. माझं पान बघायला कधी येता?"