खालचा मजला

तिसऱ्यांदा केकवरचा फॉन्डंट फाटला, आणि तोही नेमका वरच्या कडेला, जिथे फाटलेलं दारातून आत येणाऱ्यालाही दिसतं. तिने लाटणं ओट्यावर ठेवलं आणि बघत उभी राहिली. भेगेतून पिवळसर बटरक्रीम डोकावत होतं, फाटक्या बनियनमधून पोट दिसावं तसं.

केक तीन मजली होता. वरचे दोन मजले कालच झाकून झाले होते, एका झटक्यात, एकही सुरकुती न पडता. साखरेच्या मळलेल्या गोळ्याची मोठी चादर लाटायची, लाटण्यावर घेऊन केकवर अंथरायची आणि हात फिरवत खाली बसवायची, एवढंच तर काम. काल हेच हात होते, हाच ओटा होता, फॉन्डंटही त्याच खोक्यातला. आणि आज सकाळपासून हा खालचा, सगळ्यात मोठा मजला तिच्या नाकी नऊ आणत होता. संध्याकाळी नणंदेचं लग्न. केक दुपारी हॉलवर पोचायला हवा होता.

हे लग्नाच्या केकचं खूळ नणंदेचंच. सासूबाईंचं म्हणणं होतं की पोर अजून रांगतेय, तिच्या आईच्या डोक्याला आणखी ताप कशाला, बेकरीत चांगले केक मिळतात. त्यावर नणंदेनं भरल्या घरात सांगून टाकलं होतं, की केक वहिनी करणार, नाहीतर केक नकोच. त्या दिवशी हिची छाती फुगली होती. बाळ झाल्यापासून कोणी तिला दूध, लंगोट आणि झोप सोडून दुसरं काही विचारलंच नव्हतं. आता तीच फुगलेली छाती तिच्यावर दगड ठेवावा तशी जड झाली होती. आज हा केक फसला तर पुढच्या वेळी कोणी तिच्यासाठी असं बोलणार नव्हतं, आणि तिने स्वतःही स्वतःसाठी बोलायची हिंमत केली नसती.

तिने फाटलेली चादर उचलून पुन्हा गोळा केला. गोळा हाताला चिकटत होता, च्युइंगगम चिकटावा तसा. तिने पिठीसाखर भुरभुरली. मळला. आणखी भुरभुरली. आता तो इतका कोरडा झाला की लाटताना कडेला हत्तीच्या कातडीसारख्या भेगा पडल्या. मग ग्लिसरीनचे थेंब, मग बोटाला लावून थोडं वनस्पती तूप. गोळा मऊ झाला, लोभस दिसायला लागला, आणि लाटेपर्यंत पुन्हा चिकट. हे चक्र सकाळपासून सुरू होतं. आता त्या गोळ्यात फॉन्डंट किती आणि तिची भर किती, हे देवालाच ठाऊक.

केक करणाऱ्या बायकांच्या ग्रुपवर तिने फोटो टाकला होता. एकीनं लिहिलं, गोळा कोरडा आहे. दुसरीनं लिहिलं, गोळा ओला आहे. तिसरीनं गोळ्याला दोष न देता फ्रीजला दिला. क्लास घेणाऱ्या एका बाईंनी मन शांत ठेवून मळा असा सल्ला दिला आणि खाली आपल्या पुढच्या क्लासची तारीख टाकली. हिने फोन पालथा घातला.

आतल्या खोलीतून गुंडीचा श्वास ऐकू येत होता. गुंडी म्हणजे तिची मुलगी, गोल, छोटी आणि कुठेही अडकून बसणारी. काल संध्याकाळपासून तिचं नाक चोंदलं होतं. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, खोलीतली हवा कोरडी नको, ओलसर ठेवा. नवरा धावत जाऊन वाफेचं यंत्र घेऊन आला. पांढरं, बदकासारखं, चोचीतून बारीक धुकं सोडणारं. ते रात्रभर चालू होतं आणि आताही चालू होतं. खोलीचं दार स्वयंपाकघरातच उघडायचं. ते आपटू नये म्हणून तिने खाली पायपुसण्याची घडी अडकवली होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून वाऱ्याची झुळूक थेट आतल्या पलंगावर जायची म्हणून खिडकी लावून घेतली होती. लाटणं फिरवताना तिचा एक कान सतत त्या दाराकडे असायचा. श्वास, मग बारीक शिट्टी, मग श्वास. शिट्टी जरा लांबली की हात थांबायचे.

नणंदेचा फोन आला. ती पार्लरमध्ये होती, मागे केस वाळवायचं यंत्र घोंघावत होतं. कसा झालाय, फोटो पाठव ना वहिनी, म्हणाली. हिने सांगितलं, मस्त चाललंय, फोटो नाही पाठवत, प्रत्यक्षच बघ. फोन ठेवल्यावर तिला स्वतःचाच आवाज परका वाटला. इतक्या गोड आवाजात तर ती गुंडीला औषधसुद्धा पाजत नव्हती.

मग नवरा आला, अंघोळ करून, ओल्या केसांनी. त्याने केककडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. मग टॉवेल खांद्यावर टाकत म्हणाला,

"आईनं बेकरीवाल्याकडे एक पांढरा केक बाजूला ठेवायला सांगितलाय. फक्त असावा म्हणून. दुपारच्या आत हो किंवा नाही कळवायचंय."

"कधी सांगितलं?"

"मागच्या आठवड्यात."

म्हणजे फॉन्डंट फाटायच्या आधीच. तिला रडू आलं नाही, रागही आला नाही. जिन्याची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी तसं झालं. ती म्हणाली, सांग मग त्यांना, हो म्हणून. तो म्हणाला, तूच सांग, ती येतेच आहे इकडे.

सासूबाई आल्या त्या नेसून-सजूनच. मुलीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा त्यांनी आधी पलंगाशी जाऊन नातीच्या कपाळाला हात लावला, मग ओट्याशी आल्या. केकभोवती एक फेरी मारली. शेवटी खुर्चीत बसल्या, सकाळपासून पोटात काही नाही म्हणाल्या आणि समोरच्या ताटलीतलं बिस्कीट उचललं. एक घास घेतला आणि उरलेलं परत ठेवलं.

"सादळलीत गं बिस्किटं. जुनी आहेत का?"

सकाळीच पुडा फोडलाय, असं ती चिडून म्हणणार होती. तोंड उघडलंही. आणि तसंच राहिलं.

सकाळी फोडलेला पुडा. तिने ताटलीतलं दुसरं बिस्कीट घेऊन वाकवलं. ते मोडलं नाही, वाकलं. मग तिने फळीवरच्या साखरेच्या फुलांकडे बघितलं. आठवडाभर वाळवून काचेसारख्या कडक केलेल्या पाकळ्या माना टाकून बसल्या होत्या. कालचे दोन मजले तिला सकाळपासून किती चमकदार दिसत होते. ती चमक नव्हती, घाम होता. तिने खिडकीच्या काचेवर बोट फिरवलं. बोटामागे ओली रेघ उमटली.

हवा. सकाळपासून ती गोळ्याला बरं करत होती आणि आजारी होती ती हवा. साखर हवेतलं पाणी ओढून घेते, हे रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या बाईला कळायला सादळलेलं बिस्कीट लागावं. त्या बदकानं रात्रभर दार उघडं बघून अख्खं स्वयंपाकघर भिजवून ठेवलं होतं. आणि दार उघडं ठेवलं होतं तिनेच, खिडकी लावली होती तीही तिनेच.

ती आत गेली. यंत्राच्या बटणावर बोट ठेवलं. तेवढ्यात गुंडीनं श्वास घेतला आणि शिट्टी वाजली. बोट तिथेच थांबलं. रात्री यंत्र लावण्याआधी ती कशी धडपडत होती, दूध पिताना दर घोटाला तोंड सोडून कशी हवेसाठी वर बघत होती, ते आठवलं. तिने बोट काढून घेतलं.

मग एकच गोष्ट उरली. दार लावायचं.

ऐकायला इतकी साधी गोष्ट. पण गुंडी जन्मल्यापासून तिच्या आणि गुंडीच्या मध्ये बंद दार कधी आलंच नव्हतं. अंघोळीलासुद्धा ती दार अर्धवट ठेवायची. नवरा त्यावरून चेष्टा करायचा, की चोर आला तर आधी तुझं गाणं ऐकून पळेल. गंमत त्याला वाटायची. तिला मात्र माहीत होतं की आपण ऐकतोय म्हणूनच ती श्वास घेतेय. हे खोटं आहे हेही माहीत होतं, आणि माहीत असून काही उपयोग नव्हता.

नवऱ्याला हॉलवर सामान न्यायचं होतं, तो निघून गेला. ती सासूबाईंसमोर उभी राहिली.

"आई, तुम्ही आत बसाल तिच्याजवळ? दार लावून?"

"दार लावून?" त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं. "तू लावू देशील?"

तिने कारण सांगितलं. सासूबाईंनी ऐकलं, बिस्किटाकडे एकदा बघितलं आणि उठल्या. बेकरीवाल्याचा फोन आला तर काय सांगू, विचारलं. थोडं थांबायला सांगा, ती म्हणाली. तो कशाला थांबतोय, लग्नसराईत त्याचा केक कोणीही उचलेल, असं पुटपुटत त्या आत गेल्या. तिने पायपुसणं ओढून काढलं. दार लागलं.

शांतता इतकी अंगावर आली की क्षणभर तिला काय करायचं तेच आठवेना. मग तिने खिडकी सताड उघडली, पंखा लावला. बाहेर कोरडा, खरखरीत वारा होता. काचेवरचा ओलावा विरेपर्यंत तिने ओटा पुसून कोरडा केला. सकाळचा गोळा सरळ कचऱ्यात टाकला. शेवटचं न फोडलेलं पाकीट काढलं. ते खालच्या मजल्याला जेमतेम पुरणार होतं. हे फाटलं तर पुढे काही नव्हतं.

गोळा मळला. हाताला चिकटला नाही. लाटला. कडा सलग राहिल्या. तिला हसू येईल असं वाटलं, पण ती हसली नाही, हसल्यावर हात हलतात. तिने चादर लाटण्यावर गुंडाळून उचलली आणि केकवर अर्धी उलगडली.

तेव्हाच गुंडी रडायला लागली.

साधं रडणं नव्हतं. आधी खोकला, मग एक लांब पोकळी, आणि मग किंकाळी. अर्धी चादर केकवर, अर्धी लाटण्यावर. लाटणं सोडलं तर वजनानं कडेला फाटणार, थांबलं तर लोंबून पातळ होणार. दार चार पावलांवर. आत सासूबाईंचा फोनही वाजायला लागला. तिला आई म्हणून हाक मारायची होती, कोणाला ते तिलाही सांगता आलं नसतं. तिने हाक मारली नाही. उरलेली चादर अंथरली, लाटणं बाजूला केलं, तळहात वरून फिरवला, मग कडेनं, मग खाली, गोल गोल फिरत, आणि सगळा वेळ तोंडानं "आले आले आले" म्हणत राहिली, आत ऐकू जाणार नाही इतक्या हळू.

मागच्या बाजूला एक चुणी पडली. हात थांबला होता त्या जागी. तिने ती सोडवायचा प्रयत्न केला, पण तिथे फॉन्डंट ताणायला उरलाच नव्हता. बाकी सगळीकडे तो साबणासारखा गुळगुळीत बसला होता. फाटला नव्हता.

रडणं केव्हा थांबलं ते तिला कळलं नाही.

दार फटीएवढं उघडलं. सासूबाई बाहेर आल्या आणि पाठीमागे दार ओढून घेतलं. खांद्यावर दुधाचा डाग होता, लग्नाच्या कपड्यांवर. कफ पडला, म्हणाल्या, खोकल्याबरोबर भसकन उलटून आला, आता नाक मोकळं आहे. मग केकशी आल्या. पुन्हा फेरी मारली. चुणीपाशी थांबल्या, वाकून बघितलं.

"ही केव्हाची?"

"ती रडली तेव्हाची."

त्यांनी मान हलवली. "बेकरीवाल्याला नको म्हणून कळवलं."

"हे बघायच्या आधीच?"

"पोर एवढी ठणाणा करत होती आणि तू आत आली नाहीस. म्हटलं, म्हणजे केक नक्की होतोय."

अजून तिन्ही मजले एकमेकांवर चढवायचे होते, खालच्यात आधाराच्या काड्या घालायच्या होत्या, फुलांतली सावरतील तेवढी निवडायची होती, आणि हा डोलारा गाडीतून न्यायचा होता. सासूबाईंनी खांदा ओल्या फडक्यानं पुसायला घेतला आणि तिला म्हणाल्या, जा, बघून ये एकदा, नाहीतर काड्या वाकड्या घालशील.

ती आत गेली, दार लावून घेतलं. गुंडी उशांच्या मधोमध बसली होती, गाल ओले, नाक लाल, आणि बदकाच्या चोचीतून येणारं धुकं मुठीत पकडण्यात इतकी गुंतली होती की तिने आईकडे बघितलंही नाही. आई पलंगाच्या कडेला बसली. साखरेनं पांढरे झालेले हात कुठे ठेवावेत ते न कळून तसेच वर धरून बसली, आणि तिला सकाळपासून पहिल्यांदा रडू आलं.