सायकसची कोवळी पानं

मित्रांनो, मी एक जुना सायकस आहे. मुलुंडच्या एका सोसायटीत तळमजल्याच्या खिडकीखाली उभा आहे. लांबून मी बुटक्या माडासारखा दिसतो, पण मला ना नारळ, ना सावली. मी नुसता शोभेचा.

श्यामकांतकाकांनी मला आणलं तेव्हा मी मुठीएवढा गड्डा होतो. बँकेतून आले की ते आधी माझ्यापाशी येत. आम्हाला वर्षातून जेमतेम एकदा नवी पानं फुटतात, तीही सगळी एकदम. ती फुटली की काका शेजाऱ्यांना बोलावून दाखवत.

मग काकांना अर्धांगवायू झाला. माधुरीकाकूंनी त्यांचा पलंग खिडकीशी ओढून घेतला. तेव्हापासून त्यांची बाग म्हणजे मी एकटाच.

त्या वर्षी नवी पानं फुटली आणि इवलीशी निळसर फुलपाखरं माझ्याभोवती भिरभिरू लागली. "माधुरी, बघ गं," काका कौतुकानं म्हणाले. मला मात्र धस्स झालं. ती माझ्या कोवळ्या पानांवर अंडी घालत होती.

आठवडाभरात अळ्यांनी पानं कुरतडून टाकली. उरल्या वाळक्या काड्या. काका त्या दिवशी नीट जेवले नाहीत. पुढच्या वर्षीही तेच झालं.

त्यापुढच्या खेपेला काकूंनी जालीम औषध आणून माझ्यावर फवारलं. अळ्या पटापट गळून पडल्या. पण खिडकी उघडी राहिली होती. आत काकांना खोकल्याची उबळ आली, श्वास घेता येईना. वरच्या मजल्यावरची अबोली आवाज ऐकून धावत आली आणि तिनं त्यांना इस्पितळात नेलं.

रिकाम्या खिडकीखाली मी पानांनी भरलेला उभा होतो. त्या पानांचा मला जराही आनंद झाला नाही.

काका परत आले, पण फार थकून. काकू अबोलीला म्हणाल्या, "ते झाड काढूनच टाकते. नको मला ती कटकट."

"काढू नका ना, काकू. पान कोवळं असेपर्यंतच अळी खाते. कडक झालं की तिला ते खाता येत नाही. तेवढे दिवस झाकून ठेवू."

पुढची पानं फुटू लागताच काकूंनी जुनी मच्छरदाणी कापून माझ्यावर घातली. काका आतून कुरकुरले, "मला दिसत नाहीये गं काही."

"थोडा धीर धरा हो. पानं कडक होऊ देत."

यंदा माझी पानं शाबूत आहेत. पण फुलपाखरं जाळीवर बसतात, आत शिरायला वाट शोधतात आणि उडून जातात. त्यांनाही पिल्लं वाढवायची आहेत. ती कुठे जात असतील, हे मला ठाऊक नाही.

मित्रांनो, तुमच्या दारातल्या झाडाला कोवळी पानं फुटली की रोज जवळ जाऊन बघा. पानाखाली अंडी दिसली तर ओल्या फडक्यानं पुसून घ्या. आणि औषध फवारायची वेळ आलीच, तर आधी आजूबाजूला कोण श्वास घेतंय ते पाहा.