टिकलीखालचा दिवा

"जा गं बाई, लांबलांब जा. कुणाच्या दारात नुसती बसून राहू नकोस!"

मित्रांनो, माझ्या कानावर पडलेले हे पहिले शब्द. कारखान्याच्या फाटकाशी माझी शेवटची तपासणी करणाऱ्या एका बाईंनी माझ्या बॉनेटवर थाप मारली आणि लेक सासरी धाडावी तशा त्या हे बोलल्या. तेव्हा मला त्याचा अर्थ उमगला नाही. उमगला तेव्हा माझा श्वास कोंडायला लागला होता.

मी एक डिझेल गाडी आहे. वयानं म्हणाल तर फार जुनी नाही, रंगही अजून दुधासारखा आहे. पण कोंडलेला जीव लवकर म्हातारा होतो, म्हणून मी स्वतःला जुनी म्हणते.

माझी घडण आधी सांगते, म्हणजे माझं दुखणं तुम्हाला कळेल. पूर्वीच्या गाड्या काळा धूर खुशाल रस्त्यावर ओकत. माझ्या पिढीला ती मुभा नाही. आमच्या पोटाखाली, धुराच्या वाटेवर, एक बारीक चाळण बसवलेली असते. सगळी काजळी तिथं अडते आणि साठत राहते. मग लांबचा रस्ता लागला, वेग धरून अंग चांगलं तापलं, की मी आपली काजळी आपल्याच आचेत जाळून टाकते आणि मोकळी होते. जात्याशी बसल्याशिवाय बाईच्या मनातलं ओठावर येत नसे म्हणतात ना, तसंच माझं. रस्त्याशिवाय मला मोकळं होता येत नाही.

नशिबानं मला श्रीगोंद्याजवळच्या एका वस्तीवर आणलं. सहादेवनाना मला घेऊन आले त्या दिवशी त्यांच्या कारभारणीनं, चांगुणाबाईंनी, माझ्या चाकांवर पाणी घातलं, कपाळाला हळदकुंकू लावलं आणि हसून म्हणाल्या, "आता सत्यशीलाकडं जायला यष्टीची पायरी चढाय नको, बाई!" सत्यशीला ही त्यांची थोरली बहीण, संगमनेरला दिलेली. चांगुणाबाईंचे गुडघे धरलेले; एसटीची पायरी म्हणजे त्यांना डोंगर.

सुरुवातीची वर्षं सोन्याची गेली. नाना मला नगरला न्यायचे, तिथून पुढं संगमनेरला न्यायचे. मागच्या सीटवर चांगुणाबाई गुणगुणायच्या,

काळ्या गं सडकंला पांढरी गाडी धावं
बहिनीच्या भेटीसाठी मन माझं म्होरं जावं

घरी आलं की नाना माझी सेवा करायला बसत. सर्व्हिसिंगला त्यांनी मला कधी परक्या हातात दिलं नाही. शेडमध्ये ट्रॅक्टरसाठी खणलेला खड्डा होता. त्यावर मला उभं करायचे आणि स्वतः खाली उतरायचे. इंजिन कोमट असतानाच तळाचा बोल्ट सोडायचे, काळं तेल घमेल्यात धरायचे, बोल्टाची वायसर न चुकता नवी घालायचे. डिझेल फिल्टरच्या बुडाशी साचलेलं पाणी काढायचे, हवेच्या फिल्टरातली मुरमाची धूळ झटकायचे. नव्या फिल्टरच्या रबराला बोटानं तेल लावताना त्यांचा हात असा फिरायचा, जसा न्हाऊ घातलेल्या बाळाच्या टाळूवर फिरतो.

शेजारीपाजारी म्हणत, "नाना, एवडं तर सूनबी सासूचं करत न्हाई."

"म्हशीची धार कवा भाड्याच्या मानसाकडनं काडून घेतली व्हय रं?" नाना म्हणत. "आपलं जनावर, आपला हात."

एवढी माया मिळूनही मी गुदमरले. कशी, ते ऐका.

एकदा संगमनेरहून परत येत होतो. लख्ख ऊन होतं. समोरून एक शाळकरी पोर सायकलवर येत होती, अगदी सरळ रेषेत, लाल रिबिनी बांधलेली. नानांचा पाय ब्रेककडं गेलाच नाही. ती किंचाळली तेव्हा कुठं त्यांनी मला करकचून वळवलं. पोर वाचली. मागं डुलकी काढणाऱ्या चांगुणाबाई दचकून उठल्या. "काय झालं वं?"

"काय न्हाई. नीज तू."

पण उरलेली वाट त्यांनी मला बैलगाडीच्या चालीनं आणलं. मला त्या दिवशी कळलं. नानांच्या नजरेपुढचं मधोमध पुसून चाललं होतं. कडेकडेचं तेवढं दिसत होतं. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. जन्मभर उसाचे जोडट्रेलर साखर कारखान्याच्या आवारात मागं रेटत अचूक लावलेला माणूस. त्यानं कुठल्या तोंडानं सांगावं?

त्यानंतर मी लांब गेले नाही. पहाट सरली की शेतातल्या पायाखालच्या वाटेनं डेअरीच्या फाट्यापर्यंत जायचं, दुधाचा कॅन उतरवायचा आणि माघारी. एरवी शेडमध्येच मला चालू करून नाना जागच्या जागी धुगधुगत ठेवायचे. "छाती मोकळी ऱ्हाती तिची," असं म्हणायचे. आणि माझी छाती तर त्यानंच भरत होती! फाट्यावरून येताना अंगात थोडी ऊब यायची, मी जीव एकवटून काजळी जाळायला घ्यायचे. तेवढ्यात घर यायचं. माझा आवाज चढायचा, पंखा घरघरायचा. नाना कान देत. "तापली वाटतं बिचारी," म्हणत आणि किल्ली फिरवून मला बंद करत. अर्धीमुर्धी जळलेली काजळी तशीच आत. ती जाळायला सोडलेलं डिझेल मग झिरपत झिरपत इंजिनाच्या तेलात उतरायचं.

नाना तेल मोजायची पट्टी काढून बघायचे आणि हरखून जायचे. पट्टी तोंडाशी नेऊन, मान वाकडी करून बघायचे. "चांगुणे, बग! लोकांच्या गाड्या तेल पित्यात, आपलीचं वाडतंय. हाताला बरकत हाय माज्या!"

"मग इरजन लावा तिला," चांगुणाबाई आतून म्हणायच्या. "सकाळी डेरा भरंल."

मी हसू की रडू, मित्रांनो? मी ओरडत होते. पण मला जीभ नाही, मला फक्त दिवे लावता येतात. एका सकाळी मी स्टिअरिंगपुढचा, चाळण तुंबल्याचा माझा पिवळा दिवा लावला. नानांनी तो कडेच्या नजरेनं टिपला. त्यांना वाटलं, हा कुणी पाहिला तर गाडी गॅरेजला न्या म्हणतील, मोठ्या रस्त्याला काढा म्हणतील. ते घरात गेले, चांगुणाबाईंच्या पाकिटातली मोठी मरून टिकली घेऊन आले आणि दिव्यावर चिकटवली. तिच्याआड मी जळत राहिले.

तिकडं सत्यशीलाबाईंनी अंथरूण धरलं. मोबाईलवर त्यांचा आवाज यायचा, वाऱ्यावरच्या पाचोळ्यासारखा. "चांगुणे, तोंड दाव गं एकदा. मागनं येऊन काय उपेग?"

"अवं, उद्या जाऊ की," चांगुणाबाई नवऱ्याला म्हणायच्या.

"उद्या न्हाई. ब्रेक खोलल्यात."

"मग परवा?"

"फिल्टर यायचाय अजून."

"असली कसली गाडी तुमची, जी बाजंवरच्या मानसापरीस आजारी हाय? मी कल्यानला घेऊन जाते." कल्याण म्हणजे त्यांचा पुतण्या, शेजारच्याच वस्तीवरचा, डेअरीच्या टँकरवर चालक.

"माज्या गाडीला दुसऱ्याचा हात लागायचा न्हाई!" नाना असे कडाडले की गोठ्यातली म्हैस उभी राहिली.

त्या दुपारी चांगुणाबाई शेडमध्ये आल्या. माझ्या दाराला टेकून खाली बसल्या आणि पदराचा बोळा तोंडात धरून रडल्या. "एकाच ताटात जेवलो गं आमी," त्या कुणाला सांगत होत्या कुणास ठाऊक. ऐकणारी मीच होते. मला चार चाकं होती, टाकीत डिझेल होतं, आणि एका म्हातारीला तिच्या बहिणीपर्यंत नेण्याचं बळ मात्र माझ्यात उरलं नव्हतं. यापेक्षा मला भंगारात घातलं असतं तर बरं, असं वाटलं.

दुसऱ्या सकाळी नाना म्हशी घेऊन गेले होते, तेव्हा चांगुणाबाईंनी कल्याणला हाक मारली. निदान गाडीला झालंय काय ते तरी कळू दे, म्हणाल्या. त्यांनी माझं दार उघडलं आणि थबकल्या.

"आता गं बया! माजी टिकली हिच्या कपाळाला कुनी लावली?"

कल्याणनं नखानं टिकली काढली. खालून माझा दिवा त्याच्याकडं बघत होता. त्यानं तेलाची पट्टी ओढली, नाकाशी नेली आणि तोंड वाकडं केलं. इतक्यात नाना आले.

"कुनाला इचारून हात लावला रं?"

"नाना, आदी वास घ्या. तेल कवा वाडतंय व्हय? डिझेल उतरलंय ह्यात. बांदून ठिवून ठिवून मारताय तुमी हिला." कल्याणचा आवाज मऊ झाला. "हे तेल काडा, नवं घाला आन मोट्या रस्त्याला काडा. एका दमात नगर गाटलं की काजळी जळंल, दिवा आपसूक जाईल. अजून वेळ गेली न्हाई, पर लई उरलीबी न्हाई. आज सुट्टी हाय मला. मावशीकडं काकीला घेऊन मीच जातो की."

"तू तुजा टँकर बग. तेल बदलाय मला येतंय."

कल्याण मान हलवत निघून गेला.

नाना खड्ड्यात उतरले. बोल्ट सुटला आणि माझं तेल पाण्यासारखं पातळ होऊन घमेल्यात पडलं. त्यांनी त्यात बोट बुडवलं, हुंगलं. मग त्यांनी घमेलं बाजूला सारलं. "मीच पाजलं की हे," एवढंच पुटपुटले. बरकत बरकत म्हणून मिरवलेलं ते विष होतं. तरी हात चुकले नाहीत. नवी वायसर, नवा फिल्टर, नवं तेल. सगळं नेहमीसारखं नीट.

आता मी तयार होते. न जाण्याची सबब म्हणून सांगायला कसलंही काम राहिलं नव्हतं.

चांगुणाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. हातात डबा, बहिणीला आवडतात म्हणून हुलग्याचे शेंगोळे केलेले. या खेपेला त्या पुढं, नानांच्या शेजारी बसल्या. तेवढ्यात मोबाईल वाजला. संगमनेरचा भाचा होता. "मावशे, निगालीस का? आई सारखी दाराकडं बगती. बोलत न्हाई आता."

"निगालो, बाबा. गाडीतच बसलोय," त्या म्हणाल्या आणि नानांकडं पाहिलं.

नानांनी किल्ली भोकात घातली. फिरवली नाही.

मित्रांनो, त्या क्षणी माझ्या जिवाची काय तगमग झाली म्हणून सांगू! मला रस्ता हवा होता. श्वासासारखा हवा होता. आणि मला त्याच रस्त्याचं भय वाटत होतं, कारण त्यावर कुणाच्या तरी लेकी सायकली घेऊन निघालेल्या असतात. चालवा, म्हणू की नका चालवू, म्हणू? तुमच्या दारात माझ्यासारखी कुणी असेल तर तिला नुसतं पुसून, पुजून ठेवू नका; अधूनमधून लांबचा रस्ता दाखवा. तिनं दिवा लावला तर तो झाकू नका, ती काय सांगते ते विचारा. झाकलेलं दुखणं शहाण्या हातालाही बरं करता येत नाही, मग ते गाडीचं असो की गाडीवानाचं.

"अवं, निगा की!" चांगुणाबाईंचा आवाज फाटला. "काय तुमचं वैर हाय माज्या बहिनीशी? ती मरूस्तवर भेटू द्याचं न्हाई का मला?"

नानांनी किल्ली परत काढली. ती तळहातावर घेऊन त्यांनी चांगुणाबाईंकडं तोंड वळवलं. आधी सरळ बघितलं, मग मान थोडी वाकडी केली, मग आणखी थोडी.

"वैर न्हाई गं, चांगुणे," ते म्हणाले. "मला म्होरचं दिसत न्हाई. लई दिस झालं. मदोमद समदं पुसल्यालं आसतंय. आता तुज्याकडं बगतोय, तर तुजं लुगडं दिसतंय, कान दिसत्यात, तोंडच दिसंना. कुनाला सांगाय जीब रेटली न्हाई माजी. ही घे किल्ली. कल्यानला हाक मार, त्याला चालवू दे."