धुऱ्याचा दगड

वावरात मोजणीदार आणायचा हट्ट जिजाचा होता. तिच्या नवऱ्याने, कवडूने, तो टाळण्यासाठी काय काय केलं! आधी म्हणाला कापूस वेचून होऊ दे, मग म्हणाला तुरी निघू दे, मग म्हणाला हिंगणघाटला जायला सवड कुठंय. शेवटी ती एकटीच मोटारीत बसायला निघाली, तेव्हा तो मुकाट्याने गेला आणि अर्ज देऊन आला.

जिजाचं म्हणणं सरळ होतं. गावाला लागून असलेल्या त्या वावरात त्यांना घर बांधायचं होतं. शेजारचे रूपराव म्हणाले होते, "बांध ना बाप्पा, पन पायवा खोदाच्या आंधी धुरा मोजून घे. घर उभं राह्यल्यावर आपली तोंडं वाईट नको व्हाले." धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध, हद्द. जिजाला त्यांच्या बोलण्यात काही वावगं दिसलं नाही. "एकदा सरकारी जरीब फिरली का माह्या दगडाले कोनी हात लावनार नाई," ती म्हणायची. जरीब म्हणजे मोजणीची लोखंडी साखळी.

त्या दगडात तिचा जीव अडकला होता. नऊ वर्षांपूर्वी त्यांची कोकिळा सहा महिन्यांची होऊन तापाने गेली. दात न आलेल्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात, आणि पुरायला आईला नेत नाहीत. कवडू आणि त्याचा म्हातारा बाप तिला जुन्या लुगड्यात गुंडाळून वावरात घेऊन गेले. परत आल्यावर जिजाने एवढंच विचारलं, "कुठं ठेवलं?" कवडू म्हणाला, "धुऱ्याच्या दगडापाशी." त्या दिवशी ते खरं होतं.

नंतर जिजाचा भाऊ तिला आर्वीकडे माहेरी घेऊन गेला. ती पाच महिने तिकडेच होती. रूपरावही डोळ्याच्या इलाजासाठी नागपूरला गेलेले. म्हातारा बाप तर नातीला पुरल्यापासून वावराकडे फिरकलाच नाही. आणि एके दिवशी सारा गाव गिरडच्या टेकडीवर जत्रेला गेला असताना, भर दुपारी, या शहाण्या कवडूने धुऱ्याचा दगड पहारीने उपटला आणि आठ हात पलीकडे रूपरावांच्या वावरात नेऊन रोवला. कशासाठी, तर कपाशीच्या चार तासांसाठी, चार ओळींसाठी! घरात सुतक येऊन पुरता महिना झाला नव्हता. माणूस दुःखातसुद्धा लबाडी करू शकतो, हे कवडूला स्वतःवरूनच कळलं.

कवडू तसा वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर पुढची नऊ वर्षं सुखाने जेवला असता. जिजा परत आली तेव्हा कपाशी कमरेपर्यंत वाढलेली होती. ती लोटा घेऊन थेट दगडापाशी गेली, पाणी ओतलं, आणि दगडाला कवटाळून रडली. कवडू आठ हातांवर उभा राहून पाहत होता. त्याच वेळी त्याने सांगायला हवं होतं. पण तो पाठ फिरवून विहिरीकडे गेला, आणि मग दर वर्षाला सांगणं आणखी अवघड होत गेलं. रूपरावांनाही धुरा जवळ सरकल्यासारखा वाटला होता. पण पोर गेलेल्या घराशी भांडायचं कसं, म्हणून ते गप्प बसले.

खऱ्या जागेवर कवडूने कधी नांगर चालू दिला नाही. तेवढा खाटेएवढा तुकडा तो सोडून द्यायचा. जिजाने कारण विचारलं तर म्हणाला, "खाली खडक हाय." तिला ते पटलं. तिथं गवत होतं, बाभळीची सावली होती. दुपारी ती तिथंच फडकं सोडून भाकर खायला बसायची. "इतं नको बसू," असं तो एकदा म्हणाला. "काऊन?" तिने विचारलं. तो विळा घेऊन उठला.

त्यानंतर जिजाची कूस पुन्हा उजवली नाही. घर वावरात हवं होतं तेही त्या दगडासाठीच. स्वयंपाकघराचं दार दगडासमोर यावं, एवढीच तिची अट होती.

चोपन्न सालच्या माघात मधुकरराव मोजणीदार आले. जरीब, झेंड्या, कापडावर चिकटवलेला नकाशा, सगळं घेऊन आले. मुहूर्त साधायचा म्हणून टिकाराम बेलदारही पायवा खोदायला त्याच सकाळी कुदळी घेऊन हजर होता. जरीब वावरभर फिरली आणि नेमकी त्या न नांगरलेल्या तुकड्यावर येऊन संपली. मधुकररावांनी तिथं झेंडी खोचली.

"हद्द इथून आहे. तो दगड आठ हात पुढे गेलाय. उपटा आणि इथं रोवा."

रूपराव जमिनीकडे पाहत राहिले. कवडूला वाटलं, आता दगड इकडे येईल, जिजा समजेल की सरकारनेच हलवला, आणि सारं आपोआप जागेवर पडेल. नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्याला सुटल्यासारखं झालं. दगड रोवायला खड्डा घ्यावा लागेल, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. पण जिजा धावत जाऊन दगडासमोर उभी राहिली.

"साहेब, हा दगड नका उपटू. पाया पडतो तुमच्या. याच्याखाली माही लेक हाय."

मधुकररावांचा आवाज खाली आला. त्यांनी टोपी काढली. "राहू दे बाई, तुमच्या दगडाला कोणी हात लावणार नाही. टिकाराम, इथं झेंडीपाशी खड्डा घे. आपण नवा दगड रोवू."

टिकारामने कुदळ उचलली. कवडू झेंडीपाशी आडवा आला. "खडक हाय तिथं," तो कसाबसा म्हणाला.

"कुठचा खडक भाऊ? लोण्यावानी माती हाय," टिकाराम म्हणाला आणि त्याने तीन-चार घाव घातले.

"थांब रे! थांब!" कवडू ओरडला. पण तोवर मातीबरोबर काळे मणी वर आले होते, आणि त्यांच्यात एक पोवळ्याचा.

ते मणी जिजानेच ओवले होते. दृष्ट लागू नये म्हणून लेकीच्या मनगटात काळे मणी, आणि त्यात आपल्या गळ्यातल्या गरसोळीतलं एक पोवळं. ती खाली बसली. मण्यांकडे पाहिलं, मग दगडाकडे, मग नवऱ्याकडे.

"दगड कवा हलवला?"

"तू माहेरी गेलती तवा," कवडू म्हणाला. तो रडत होता, पण त्याच्या रडण्याचं आता कुणाला काय?

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

"म्या रोज इतं बसून भाकर खाल्ली," ती म्हणाली. "तिच्या अंगावर बसून. अन् पानी तिकडं वतलं. ती काय म्हनत असंन? माय एवढी जवळ येते, अन् मले घोटभर पानी देत नाई."

रूपरावांनी डोळ्यांना उपरणं लावलं. "कवडू, मले ते आठ हात नको रे बाबा," ते म्हणाले. मधुकररावांनी झेंडी काढून घेतली. कुणी काही न सांगता टिकारामने हाताने माती परत लोटली. आता आठ हात कुणाचे, याच्याशी कवडूला काहीच देणंघेणं उरलं नव्हतं.

जिजाने सकाळी दगडासाठी आणलेला लोटा उचलला आणि त्या मातीवर ओतला. माती पाणी पिऊन लगेच कोरडी दिसू लागली. तिने रिकामा लोटा नवऱ्यापुढे धरला.

"आना."

तो विहिरीवर गेला, भरून आणला. तिने ओतला. पुन्हा लोटा पुढे केला.

"आना. नऊ वर्साची तहानली हाय ते."

कवडू जात राहिला, येत राहिला. टिकाराम कुदळी घेऊन केव्हाच निघून गेला. दुपार कलली तरी ती मणी मुठीत धरून तिथंच बसली होती. लोटा घ्यायला तेवढा हात पुढे करायची. त्याच्या तोंडाकडे तिने एकदाही पाहिलं नाही.