विहिरीतल्या बाईचा पंचनामा

जेठमलशेठची हयात जालन्यात बियाणं विकण्यात गेली. म्हातारपणी त्यांनी ई-पुस्तकांचं दुकान काढलं, तेही बियाण्याच्याच रिवाजानं. एकाच वाणावर राहणारा बुडतो, म्हणून प्रेमकथा, पाककृती, रहस्य, अध्यात्म सगळं ठेवलं आणि प्रत्येक पुस्तकाला उगवणीची हमी दिली. विनोदी पुस्तक वाचून हसू आलं नाही, तर पैसे परत आणि पुस्तक दुकानातून बाद.

माझी एकुलती एक कादंबरी भयकथांत होती. हमी अंगावर काटा येण्याची. चार वर्षं रक्त आटवून लिहिलेली, आणि कुंभार पिंपळगावच्या रखमाजींची तक्रार आली, "दोनदा वाचलं. काटा उगवला न्हाई."

बियाणं उगवलं नाही की पंचनामा जागेवर होतो. शेठ मला घेऊन थेट रखमाजींच्या ओसरीवर. मोबाइलवरून मी मोठ्यानं वाचायला लागलो. माझ्या कादंबरीतली मेलेली बाई विहिरीतून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारते, "माझ्या घरी दिवा लागला का?" गावातले दोन पंच चष्मे लावून रखमाजींचा हात तपासत होते. एक केस उभा राहील तर शपथ! माझं डोकं तापलं. भर दुपारी शेंगा फोडत बसल्यावर कुणाला भुताची भीती वाटते?

तेवढ्यात आतून मुसमुसणं ऐकू आलं. रखमाजींची बायको दैवशाला पदरानं डोळे पुसत बाहेर आली.

"भाऊ, किती दिसापासून बसून हाय ती तिथं?"

"वहिनी, भूत आहे ते!"

"असू द्या की. लागला म्हणून कुणी सांगत का न्हाई तिला?"

शेठ ताडकन उठले आणि माझ्याकडे वळले. "भेसळ! पिशवी भयाची आन् निघालं रडणं. संपतराव, पुस्तक बाद."

"पण शेठ, पीक तर आलं ना?" रखमाजी म्हणाले. तक्रारदारालाच माझी दया आली होती. शेठ बधले नाहीत.

परतताना गाडीत मी तोंड फिरवून बसलो. रडूच येत होतं. दिवेलागणीला रस्त्याकडेला एक पडकी विहीर दिसली, तशी त्यांनी गाडी थांबवली. धोतर सावरत काठावर गेले आणि खाली वाकून ओरडले, "बाई, लागला दिवा! बिलकुल लागला. जावा आता घरी."

उत्तर आलं नाही. निदान मला तरी ऐकू आलं नाही.

शेठ घाईघाईनं परत आले, दार लावून घेतलं. मग बाही वर सारून हात माझ्यापुढं धरला.

"बघा. उगवला."