सातवी पेटी

हॉस्पिटलात त्याला सगळे पेटीवाले म्हणत. गुडघा बदलायला लागणारे कृत्रिम सांधे आणि ते बसवायची हत्यारं घेऊन तो आदल्या संध्याकाळी यायचा, पेट्या धुलाईखोलीत उतरवायचा, आणि दुसऱ्या दिवशी थिएटरात डॉक्टरांच्या मागे उभा राहून कुठला नंबर बसेल ते सांगायचा. त्या पेट्या धुवून, कापडात बांधून वाफेच्या यंत्रात घालायचं काम बारा वर्षं मावशींकडे होतं. "पेटीवाले, आज काय दगड भरून आणलेत?" हे त्यांचं ठरलेलं स्वागत.

तीन महिन्यांपूर्वी गुडघा बदलायची पाळी मावशींवरच आली.

पेट्या एकूण सात. सातवीत बायकांच्या हाडाच्या बेतानं घडवलेले सांधे, पुढून मागे तेवढेच पण रुंदीला कमी. यंत्रात एका खेपेला सहाच पेट्या मावत. सातवीसाठी दुसरी खेप, म्हणजे आणखी दीड तास ताटकळणं. मावशी रजेवर, त्यांच्या जागी नवी मुलगी. तिनं विचारलं, "सातवी घालायची का?"

"राहू दे गं," तो हसून म्हणाला. "मावशी काय नाजूक बाई आहेत? पहिलवानाचं हाड आहे ते."

खरं तर प्रश्न चणीचा नसतो, हाडाच्या आकाराचा असतो. धिप्पाड बाईचंही हाड अरुंद निघू शकतं. कंपनीच्या प्रशिक्षणात हे त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं होतं. त्याला माहीत नव्हतं असं नाही. त्याला घरी जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सांध्याच्या वरच्या भागाची, मापासाठीची धातूची टोपी मांडीच्या हाडावर बसवून डॉक्टर म्हणाले, "कडेनं बाहेर येतेय. अरुंद सांधा आहे का?"

"निर्जंतुक केलेली नाही सर. लहान नंबर घेतला तर मागून ढिला पडेल. हे चालून जाईल."

उघडा गुडघा ताटकळत ठेवता येत नाही. डॉक्टर "बरं" म्हणाले.

आज तो पुढच्या आठवड्याची यादी घ्यायला आला, तर डॉक्टरांसमोर मावशी, पाय स्टुलावरच्या उशीवर. मागे सून. तो दारातूनच मागे फिरत होता, पण मावशींनी हाक मारली, "या हो, घरचेच तुम्ही." मग बसावं लागलं.

"इथे, बाहेरच्या बाजूला," मावशींनी बोट ठेवलं. "वाकवला की घासल्यागत होतं. जिना उतरताना तर जीव जातो."

"व्यायाम म्हटलं की दुखतं," सून म्हणाली. "मालिका लागली की मात्र बरोबर सोफ्यापर्यंत पोचतात."

"सोफ्याला जिना आहे का गं?"

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला. "सांधा सरळ बसलाय. काहींना वेळ लागतो. मन घट्ट करा, मावशी."

मावशी त्याच्याकडे वळल्या. "पेटीवाले, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमचा माल चोख, बारा वर्षं या हातांनी धुतलाय. माझंच हाड नाठाळ."

त्याला मान वर करवेना. डॉक्टर फाइलमध्ये लिहायला लागले होते. 'समाधानकारक' असं एकदा उमटलं की मावशींचं दुखणं घरात कायमचं नाटक ठरणार होतं. आणि तो बोलला, तर या हॉस्पिटलचं दार त्याला बंद. त्यानं घसा खाकरला. कुणाचं लक्ष गेलं नाही. तेवढ्यानंही त्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि मग तसं वाटल्याचीच अधिक लाज वाटली.

"सर, टोपी रुंद आहे," तो म्हणाला. "चार मिलिमीटर बाहेर आलीय. अरुंद सांध्यांची पेटी मी यंत्रात घालूच दिली नव्हती."

पेन थांबलं. "का?"

"दीड तास वाचवायला."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मी विचारलं होतं," ते म्हणाले. मग हळू आवाजात, "आणि बरं म्हणालो होतो."

मावशी आधी सुनेकडे वळल्या. "ऐकलंस?"  सुनेनं पुढे होऊन सासूच्या पायाखालची उशी सारखी केली.

मग मावशींनी त्याच्याकडे पाहिलं. शिव्यांची तयारी त्यानं केली होती.

"अशी सवय एका दिवसात लागत नाही," त्या म्हणाल्या. "मी रजेवर आहे तेव्हापासून आणखी किती बायका?"

'आठवत नाही' अगदी ओठांवर आलं होतं. "मोजाव्या लागतील."

"मग मोजा. मी थांबते."

डॉक्टरांनी ऑपरेशनची वही मागवली. मावशींच्या नावाखालून त्यानं सुरुवात केली. दुसऱ्याच ओळीवर, एका बाईच्या नावापाशी त्याचं बोट अडलं.